जुना फोन, पहिल्या मालकाचं कुलूप

ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांत काम करणारी मंडळी दोन-तीन वर्षांनी फोन बदलतात. त्यांचा जुना फोन मग खारघरच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीच्या, तुर्भ्याच्या बाजारात माल चढवणाऱ्याच्या किंवा रिक्षावाल्याच्या हातात जातो. मधे कधी वाशी-कोपरखैरण्याचं दुकान असतं, कधी मित्राचा मित्र, कधी ऑनलाइन जाहिरात. व्यवहाराची रीत सगळीकडे सारखीच. स्क्रीनवर चरा आहे का ते पाहायचं, कॅमेरा उघडायचा, बॅटरी किती टक्के राहिली ते विचारायचं, एक कॉल लावून आवाज ऐकायचा, थोडी घासाघीस करायची आणि पैसे मोजायचे. घरी आल्यावर जुन्या मालकाचा पसारा नको म्हणून फोन ‘फॉरमॅट मारला’ जातो. फोन पुन्हा सुरू होतो, भाषा विचारतो, वायफाय विचारतो आणि तिथेच अडतो. आयफोन असेल तर आधीच्या मालकाचा ॲपल आयडी आणि पासवर्ड मागतो. अँड्रॉइड असेल तर म्हणतो, या फोनवर आधी जे गूगल खातं होतं ते टाका, नाहीतर जुना पिन किंवा पॅटर्न द्या.

पंधरा-वीस हजारांचा फोन त्या क्षणी कुचकामी होतो. त्यात बिघाड काहीच नसतो. मालकाला न विचारता कोणी पुसलं तर उघडू नकोस, एवढंच त्याला शिकवलेलं असतं आणि तो ते नेमकं पाळतो. विकणाऱ्याने फोन दिला, पण मालकी सोडली नाही. घेणाऱ्याने ती मागून घेतली नाही. जुन्या फोनचा सौदा वस्तू हातात आल्यावर पुरा होत नाही, आधीच्या मालकाचं नाव फोनवरून उतरल्यावर पुरा होतो. सिडकोच्या जमिनीवरचं घर घेणाऱ्या नवी मुंबईकराला खरं तर हे सांगावं लागू नये. चावी खिशात आली म्हणून घर नावावर झालं असं इथे कोणी मानत नाही. सिडकोकडचं हस्तांतरण होऊन सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढेपर्यंत माणूस हेलपाटे घालतो. फोन घेताना तोच माणूस बिल-बॉक्स मिळाला की निश्चिंत होतो.

हे कुलूप जन्माला आलं ते रस्त्यावरच्या चोरीतून. आयफोन आल्यानंतरच्या काही वर्षांत न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लंडन या शहरांत लोकांच्या हातातून फोन हिसकावण्याचं प्रमाण फार वाढलं. जून २०१३मध्ये न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल एरिक श्नायडरमन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी फोन कंपन्यांवर दबाव आणायला मोहीम उघडली. लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन हेही तिच्यात सामील झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चोर फोन चोरतो तो विकण्यासाठी. चोरलेला फोन दुसऱ्या कोणाला वापरताच आला नाही तर गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि गिऱ्हाईक नसलेली वस्तू कोणी कशाला चोरेल? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲपलने आयओएस ७बरोबर ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आणलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत आधी मिनेसोटा आणि मग कॅलिफोर्निया या राज्यांनी अशा सोयीची सक्ती करणारे कायदे केले. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जुलै २०१५ला लागू झाला. फेब्रुवारी २०१५मध्ये याच मोहिमेने आकडे जाहीर केले. कुलूप आल्यानंतरच्या १२ महिन्यांत आयफोनच्या चोऱ्या सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटल्या होत्या. लंडनमध्ये स्मार्टफोनची चोरी निम्म्यावर आली होती. एका सॉफ्टवेअरच्या बदलाने गुन्ह्यावर एवढा परिणाम व्हावा हे क्वचितच घडतं, आणि म्हणून या कुलपाबद्दल मला आदर आहे. पुढे त्याचे जे त्रास सांगायचे आहेत ते हा आदर ठेवूनच.

आयफोनचं कुलूप फोनमध्ये नसतंच म्हटलं तरी चालेल. प्रत्येक आयफोनला स्वतःची ओळख असते. मालकाने ‘फाइंड माय’ चालू केलं की ती ओळख त्याच्या ॲपल आयडीशी जोडून ॲपलच्या सर्व्हरवर नोंदली जाते. फोन कितीही वेळा पुसा, कॉम्प्युटरला जोडून नव्याने सॉफ्टवेअर भरा. सुरू होताना तो सर्व्हरला विचारतो, मी सुरू होऊ का? सर्व्हर नोंद पाहतो आणि मालकाचा पासवर्ड मागतो. नोंद फोनच्या बाहेर असल्यामुळे फोन खोलून ती खोडता येत नाही. याच रचनेचा एक फायदा प्रामाणिक माणसाला आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. मालक पुण्याला असो की दुबईला, आपल्या आयक्लाउड खात्यात शिरून तो यादीतून फोन काढू शकतो. नोंद उतरली की वाशीत अडकलेला फोन उघडतो. फोन परत नेऊन द्यावा लागत नाही, पासवर्डही कोणाला सांगावा लागत नाही.

अँड्रॉइडमध्ये हेच काम ‘फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन’ करतं. दुकानदारांच्या तोंडी त्याचं नाव ‘एफआरपी’. मार्च २०१५मध्ये अँड्रॉइड ५.१बरोबर ते आलं. इथे खात्याची खूण फोनमधल्याच एका कप्प्यात राहते आणि रिसेट मारताना तो कप्पा पुसला जात नाही. म्हणून रिसेट कुठून मारला याला महत्त्व येतं. फोन उघडा असताना सेटिंग्जमधून, स्वतःचा पिन टाकून रिसेट केला तर फोन मानतो की हे मालकाने केलं, आणि खूण काढून टाकतो. फोन बंद करून बाजूची बटणं दाबत रिकव्हरीतून रिसेट मारला तर फोनला संशय येतो आणि कुलूप लागतं. घाईत रिकव्हरीतून फोन पुसून देणारा विक्रेता बहुतेकदा भला माणूसच असतो; स्क्रीन लॉक आठवत नाही म्हणून त्याने तसं केलेलं असतं. गूगल खात्याचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रिसेटपूर्वी २४ तास थांबा असं गूगल सांगतं, तेही विकण्याच्या घाईत कोणी पाळत नाही. अँड्रॉइडच्या या कुलपाला वर्षानुवर्षं फटी होत्या. सुरुवातीच्या पडद्यावरूनच आडवाटेने सेटिंग्ज उघडायची, नवं खातं घुसवायचं, असे प्रकार चालत. २०२४च्या अँड्रॉइड १५ने यातल्या बऱ्याच वाटा बुजवल्या. आता मालकाची खात्री पटेपर्यंत फोन नवं खातं किंवा नवा स्क्रीन लॉक घेत नाही, ॲपही टाकू देत नाही.

आपल्याकडच्या चोरीचं रूप मात्र वेगळं आहे आणि ते लोकलशी जोडलेलं आहे. हार्बर आणि ट्रान्स-हार्बर मार्गावर रोज प्रवास करणाऱ्याला ‘फटका’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. गाडीचा वेग कमी होतो तिथे रुळांच्या कडेला किंवा खांबावर काठी घेऊन कोणी उभा असतो. दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर काठी बसते, फोन खाली पडतो, आणि कधी फोनच्या मागे माणूसही पडतो. फटक्याने लोकांनी हातपाय गमावले आहेत, जीवही गमावले आहेत. म्हणून जुन्या फोनच्या बाजारात ‘स्वस्तात मिळतोय ना, कुठून आला ते कशाला विचारा’ असं कोणी म्हटलं की मला राग येतो. स्वस्त फोनच्या त्या मागणीवरच काठी घेतलेला माणूस उभा असतो.

फटक्यात गेलेला किंवा चालताना हिसकावलेला फोन बहुधा उघडाच असतो, कारण मालक त्यावर काहीतरी पाहत असतो. उघडा फोन हाती लागला की कुलपाची अर्धी ताकद जाते. पिनही पाहून ठेवलेला असेल तर चोर पासवर्ड बदलून मालकालाच बाहेर काढू शकतो. यावर ॲपलने जानेवारी २०२४मध्ये, आयओएस १७.३बरोबर, चोरी झालेल्या फोनसाठी वेगळं संरक्षण दिलं. ओळखीच्या जागेबाहेर पासवर्ड बदलायचा असेल तर चेहरा किंवा बोट लागतं, आणि वर एक तास थांबावं लागतं. त्याच वर्षी गूगलने अँड्रॉइडसाठी हिसका ओळखणारी सोय आणली. तिची चाचणी आधी ब्राझीलमध्ये झाली होती. फोनला अचानक झटका बसून तो वेगाने दूर जाऊ लागला की स्क्रीन आपोआप लॉक होते. या दोन्ही सोयी सेटिंग्जमध्ये जाऊन तपासाव्यात. लोकलने जाणाऱ्यांनी तर आजच.

आता दुसरं कुलूप. ते कंपनीचं नसून सरकारचं आहे, आणि त्याचा पहिला प्रयोग महाराष्ट्रात झाला. १३ सप्टेंबर २०१९ला तेव्हाचे दूरसंचार मंत्री रविशंकर प्रसाद यांनी मुंबईत ‘सीईआयआर’ म्हणजे मोबाइल संचांची केंद्रीय नोंदवही सुरू केली. ती ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेने बांधली. डिसेंबरमध्ये दिल्लीची पाळी आली, आणि मे २०२३मध्ये ‘संचार साथी’ या पोर्टलसोबत ती देशभर पोहोचली. तिचा आधार आहे फोनचा आयएमईआय. हा १५ आकड्यांचा क्रमांक *#०६# दाबलं की दिसतो. पहिले ८ आकडे फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे ६ त्या एका संचाचे, आणि शेवटचा एक पडताळणीचा. डावीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करायचा, दोन आकडी उत्तर आलं तर त्यातले आकडे मिळवायचे, आणि सगळ्यांची बेरीज करायची. शेवटचा आकडा मिळवल्यावर बेरजेला दहाने भाग गेलाच पाहिजे. मनाने ठोकून दिलेला क्रमांक म्हणूनच बहुतेकदा या गणितात सापडतो.

सापडत नाही तो दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून आपल्या फोनमध्ये भरणारा. हे सॉफ्टवेअरने करता येतं, आणि त्याचं टोक २०२०मध्ये मेरठ पोलिसांनी पाहिलं. तिथल्या तपासात १३ हजारांहून अधिक फोन एकाच आयएमईआयवर चालताना आढळले. दूरसंचार अधिनियम २०२३नुसार अशा ओळखक्रमांकात फेरफार केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, तो घेणाऱ्यालाही भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाखाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘मला काय माहीत’ हे उत्तर बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शात, बिलाशिवाय घेतलेल्या फोनच्या बाबतीत टिकणं अवघड.

फोन गेल्यावर काय करायचं ते थोडक्यात. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची. गाडीत किंवा स्टेशनवर गेला असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे. त्याच नंबरचं नवं सिम काढायचं, कारण ओटीपी त्यावर येतो. मग तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र जोडून संचार साथीवर अर्ज करायचा. २४ तासांत तो आयएमईआय देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो, आणि कोणी त्यात सिम घातलं तर त्याचा माग पोलिसांना मिळतो. असे हुडकून काढलेले फोन पोलीस समारंभ करून मालकांना परत देतात, त्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात. महाराष्ट्र पोलीस वर्धापन दिनाच्या आठवड्यात, जानेवारीच्या सुरुवातीला, ती जास्त दिसतात. या नोंदवहीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. आपल्या नेटवर्कवर बंद केलेला फोन वायफायवर चालू राहतो, आणि देशाच्या हद्दीबाहेर आपल्या यादीची सत्ता चालत नाही.

घेणाऱ्याच्या हातात यातली एक गोष्ट अगदी सोपी आहे. ‘केवायएम’, मग एक जागा सोडून १५ आकडी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ला पाठवला की तो फोन काळ्या यादीत आहे का, त्याचा क्रमांक दुसऱ्या कोणाचा आहे का, हे कळतं. ऑक्टोबर २०२५मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत दुरुस्ती झाली आणि जुने फोन विकणाऱ्यांवर ही यादी तपासण्याची जबाबदारी आली. त्याच्या पुढच्या महिन्यात केंद्राने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथीचं ॲप आधीच टाकून देण्याचा आदेश काढला. खासगीपणावरून मोठा विरोध झाला आणि ३ डिसेंबरला तो आदेश मागे घेतला गेला. माझ्या मते माघार योग्यच होती. नोंदवही लोकांच्या कामाची आहे, पण ती वापरायला ॲपची सक्ती लागत नाही. साध्या एसएमएसने काम होतं, आणि तो साध्या फोनवरूनही जातो.

तिसऱ्या जातीची कुलपं नवी मुंबईत विशेष भेटतात, कारण इथे कंपन्या पुष्कळ. नोकरीत दिलेला फोन कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेला असतो. नोकरी सोडलेल्या माणसाने तो परत न करता विकला, किंवा कंपनीने जुने फोन लॉटमध्ये काढताना नोंद उतरवायची राहिली, की रिसेटनंतर पडद्यावर कंपनीचं नाव उभं राहतं. विकणाऱ्याकडे स्वतःचा पासवर्ड असला तरी इथे उपयोग नाही. कुलूप कंपनीच्या आयटी विभागाचं असतं. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये तर हप्ता चुकला की फोन बंद पाडणारं ॲप बसवलेलं असू शकतं. असा फोन विकत घेणारा दुसऱ्याचं कर्ज नकळत अंगावर घेतो. बिलावर फायनान्स कंपनीचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र मागायला लाजू नये.

कुलूप पक्कं झालं तशी चोरांची वाट बदलली. आता ते किल्ली मालकाकडूनच काढू पाहतात. फोन गेल्यावर काही दिवसांनी मालकाच्या नव्या सिमवर संदेश येतो: तुमचा आयफोन सापडला आहे, जागा पाहण्यासाठी इथे दाबा. लिंक उघडली की ॲपलसारखंच दिसणारं पान येतं आणि आयडी-पासवर्ड मागतं. फोन परत मिळण्याच्या आशेवर असलेला माणूस तो भरतो, आणि पलीकडे फोन मोकळा होतो. जिथे हेही जमत नाही तिथे फोन ‘पार्ट’मध्ये जातो. डिस्प्ले, कॅमेरा, बॅटरी वेगळे होऊन दुरुस्तीच्या टेबलावर पोहोचतात. म्हणून २०२४मध्ये, आयओएस १८बरोबर, ॲपलने कुलपाची नोंद सुट्या भागांपर्यंत नेली. चोरीच्या फोनमधला भाग दुसऱ्या आयफोनला लावला तर तोही आधीच्या मालकाचा पासवर्ड मागतो.

आणि मग ‘बायपास’. पाचशे-हजारात कोणताही लॉक काढून देतो असं सांगणारे सगळीकडे आहेत. अडकलेल्या प्रामाणिक ग्राहकाला तोच एक मार्ग दिसतो, आणि त्याची अडचण खरी आहे हे मी मान्य करतो. पण आयफोनच्या बाबतीत हा बहुधा अर्धवट उपाय असतो. कुलपाचा पडदा बाजूला सरकतो, सर्व्हरवरची नोंद तशीच राहते. फोनला नेटवर्क मिळेनासं होतं, किंवा पुढचा रिसेट मारला की कुलूप पुन्हा दत्त म्हणून उभं. अनोळखी सॉफ्टवेअर भरलेल्या त्या फोनवर बँकेचं ॲप चालवणं हा तर धोकाच. ज्या टेबलावर प्रामाणिक ग्राहकाचं कुलूप तुटतं त्याच टेबलावर फटक्यात गेलेला फोनही येतो, आणि तंत्रज्ञाला दोन्ही फोन सारखेच दिसतात. बिल न पाहता कुलूप तोडणारं दुकान कितीही गरजेला पडलं तरी त्याच्या पायऱ्या चढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग प्रामाणिक माणसाने करायचं काय? सगळं काम पैसे देण्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत आहे. विकणाऱ्याला समोर बसवा. त्याच्याच हाताने आयफोनमधून ॲपल आयडी साइन आउट करून घ्या, किंवा अँड्रॉइडमधून गूगल खातं काढून घ्या. सॅमसंग, शाओमीसारख्या फोनमध्ये कंपनीचं वेगळं खातंही असतं, तेही. मग सेटिंग्जमधूनच रिसेट मारायला सांगा. फोन नव्याने सुरू झाला की वायफाय जोडून तुमचं स्वतःचं खातं टाकून पाहा, पार होम स्क्रीन येईपर्यंत. ‘घरी जाऊन करा, वेळ लागतो’ असं कोणी म्हटलं तर सौदा तिथेच सोडा. आयएमईआय फोनवर, खोक्यावर आणि बिलावर एकच आहे ना ते पाहा, १४४२२ला एसएमएस टाका, आणि बिलाबरोबर विकणाऱ्याच्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी घ्या. एकेकाळी आयफोनचा क्रमांक टाकून कुलूप आहे का ते पाहायची सोय ॲपलने वेबवर ठेवली होती. जानेवारी २०१७मध्ये ती काढून टाकली. ती परत आणावी असं मला मनापासून वाटतं, कारण लांबून, ऑनलाइन जाहिरातीवरून घेणाऱ्याला समोर बसून पाहण्याची सोय नसते.

बिलाचं महत्त्व आणखी एका प्रसंगी कळतं. घरातला कर्ता माणूस जातो, त्याचा आयफोन मागे राहतो आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. खरेदीचा पुरावा असेल तर कुलूप काढून देण्याची विनंती ॲपलकडे करता येते. त्याहून सोपी वाट जिवंतपणी आखून ठेवता येते. डिसेंबर २०२१च्या आयओएस १५.२पासून आपल्या माघारी खातं उघडू शकणारी व्यक्ती नेमता येते, आणि तिला मिळणाऱ्या किल्लीने ॲक्टिव्हेशन लॉकही निघतं. आईवडिलांच्या फोनवर हे बसवून द्यायला पाच मिनिटं पुरतात.

गेल्या काही वर्षांत ज्यांनी आयफोन विकला, भाच्याला दिला किंवा एक्स्चेंजमध्ये घातला, त्यांनी आज आपल्या ॲपल खात्यातली उपकरणांची यादी उघडून पाहावी. विकलेला फोन अजून तिथे दिसत असेल तर तो काढा. कोणाचे तरी पैसे त्यात अडकलेले असू शकतात. चोरीला गेलेला फोन दिसत असेल तर तो मात्र तसाच राहू द्या. काढायला सांगणारा संदेश कितीही खरा वाटला, फोन करणाऱ्याने स्वतःला पोलीस म्हणवलं किंवा कंपनीचा माणूस म्हणवलं, तरी काढू नका.